संत्र्याची साल, सांभाराचं बी

पुण्यात मुंढव्याच्या बाजूला असलेल्या त्या जागेचं दार उघडलं आणि नाकात शिरला तो ढेपेचा वास. सरकीची ढेप कोमट पाण्यात भिजत घातली की गोठ्यात दरवळतो तसाच, फक्त जास्त गोडसर आणि थोडा भाजक्या धान्याकडे झुकलेला. मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीचा. घरी संत्र्याची बाग, दावणीला दोन गायी. बिअर जिथं बनते तिथं पाय ठेवल्याबरोबर गोठा आठवेल असं मला वाटलं नव्हतं. पण पुढच्या दोन तासांत जे पाहिलं, त्यावरून ती आठवण अगदी योग्य ठिकाणी आली होती हे पटलं.

भाचा पुण्यात नोकरीला आहे. "मामाजी, घ्यायची की नाही ते तिथं ठरवा, पण पाहून तर या," असं त्याचं म्हणणं. अशा जागेला टॅपरूम म्हणतात. जिथं बिअर तयार होते तिथंच, टाकीपासून काही पावलांवर बसून, नळातून थेट पेल्यात ओतलेली बिअर चाखायची, सोबत काहीतरी खायचं आणि कोणी दाखवायला तयार असेल तर आतली यंत्रं पाहून यायचं. बार आणि टॅपरूम यांत फरक काचेच्या भिंतीचा आहे. बारमध्ये बाटली कुठून आली हे कोणी विचारत नाही. इथं भिंतीपलीकडे टाक्या दिसतात, पोती दिसतात, रबरी बूट घालून फरशी धुणारी माणसं दिसतात.

ही कल्पना युरोप-अमेरिकेतून आली असं आपण सहज म्हणतो. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं एक अख्खं प्रकरण आहे. त्यात पानागार कसं असावं ते सांगितलं आहे: अनेक खोल्या, वेगवेगळी आसनं, सुगंध, फुलांच्या माळा, पाणी, आणि प्रत्येक ऋतूत बसायला सुखकर अशी व्यवस्था. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय अशी पेयांची नावं आणि त्यांची मापं तिथं आहेत. मेदक म्हणजे पाणी, तांदूळ आणि किण्व. आंबवण्यासाठी घालायचं जे विरजण, ते किण्व. शाळेत आपण जो 'किण्वन' शब्द पाठ केला तो याच घराण्यातला. धान्य आंबवून केलेलं पेय म्हणजे बिअर, अशी ढोबळ व्याख्या धरली तर मेदक तिची जवळची नातलग ठरते.

महाराष्ट्रातली आजची गोष्ट मात्र २००९ सालापासून सुरू होते. त्या वर्षी पुण्यात कोरिंथियन्स हॉटेलमध्ये 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी उघडली. सुकेतू तळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली ही जागा देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. त्या नावात एक मराठी गाव दडलं आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सोजीर महिनोन्महिने पडून असत. उन्हानं, कंटाळ्यानं, तापानं त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. पुढे २०१४ मध्ये पुण्यात 'इंडिपेन्डन्स ब्रूइंग कंपनी' आली, 'एफिंगट'सारखी नावं आली आणि बघता बघता पुणं या व्यवसायाचं एक मोठं केंद्र झालं. पुण्याच्याच 'मूनशाइन मीडरी'नं तर मधापासून पेय बनवायला घेतलं.

आम्हाला आत घेऊन गेली ती तिथली ब्रूअर, अन्नतंत्रज्ञान शिकलेली तिशीतली मुलगी. तिनं आधी मूठभर धान्य हातावर ठेवलं आणि म्हणाली, "काका, चावून पाहा." सातू होता, म्हणजे जव. दाताखाली कुरकुरीत आणि मागून गोड. कच्चा सातू असा लागत नाही. तो पाण्यात भिजवून, मोड आणून, मोड फुटताच गरम हवेनं वाळवला की त्याचा माल्ट होतो. लहान मुलांना भरवायचं नाचणीचं सत्त्व करताना आपल्या घरी हेच होतं: नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, भाजायची आणि दळायची. दाण्याला कोंब फुटायला लागला की साठवलेला स्टार्च फोडण्यासाठी तो स्वतःच एन्झाइम तयार करतो. रोपाला खायला साखर हवी असते ना. माल्ट करणारा माणूस दाण्याला नेमक्या त्या क्षणी थांबवतो. हत्यारं तयार, पण काम अजून झालेलं नाही, अशा अवस्थेत.

ते काम पुढे टाकीत होतं. भरडलेला माल्ट गरम पाण्यात मिसळतात आणि साधारण ६२ ते ६८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान तासभर ठेवतात. याच पायरीचा वास मला दारात आला होता. हे दोन-चार अंश फार महत्त्वाचे. तापमान खालच्या बाजूला ठेवलं तर यीस्टला सहज खाता येणारी साखर जास्त निघते आणि बिअर हलकी, कोरडी होते. वरच्या बाजूला ठेवलं तर न आंबणारी साखर उरते आणि बिअर जिभेवर जड लागते. आमच्याकडे पाणी बंद करून बागेला ताण द्यायचा आणि मग नेमका तो कधी तोडायचा, यावर बहाराचं सगळं अवलंबून असतं. दोन दिवस इकडे-तिकडे झाले तर फुलाऐवजी पालवी येते. त्या मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, तिचंही तसंच आहे, फक्त तिच्या हातात दोन दिवस नसून दोन अंश असतात.

मग गोड पाणी गाळून वेगळं काढायचं आणि तास-दीड तास उकळायचं. उकळताना हॉप्स घालतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूच्या आकाराची फुलं. चुरगळली तर हातांना चिकट पिवळी पूड लागते आणि कडवट, रानटी वास येतो. त्यातली आम्लं उकळताना रूप बदलतात आणि बिअरला कडूपणा देतात. त्यांच्यामुळे काही जिवाणूही दूर राहतात. या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात. तिची खरी घरं ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत आणि मोर्शी २१ अंशांवर. त्यामुळे हॉप्स आपल्याकडे बहुतेक बाहेरूनच येतात.

उकळलेलं पाणी झपाट्यानं थंड करून आंबवण्याच्या टाकीत सोडतात आणि त्यात यीस्ट घालतात. इथून पुढे माणसाचं काम राखणदारीचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. हजारो वर्षं माणसानं बिअर केली, पण हे नेमकं कोण करतं ते माहीत नव्हतं. लुई पाश्चरनं बिअरवरचा आपला ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेननं यीस्टची एकच एक शुद्ध जात वेगळी वाढवून दाखवली. बव्हेरियातल्या १५१६ च्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच सांगितलं होतं. यीस्टचं नाव नव्हतं, कारण ते कोणाच्या गावीच नव्हतं. घरच्या आंबिलीचंही तसंच की. ज्वारीचं पीठ कालवून रात्रभर ठेवायचं, सकाळी ते आंबट झालेलं असतं. आजीला जिवाणूचं नाव माहीत नव्हतं, पण कुठल्या मडक्यात आंबील चांगली लागते हे पक्कं माहीत होतं.

आता पेल्यांकडे येतो. टॅपरूममध्ये लाकडी पट्टीवर चार छोटे पेले मांडून देतात. हलक्यापासून सुरुवात करून गडद, जड पेयाकडे जायचं. मी प्रत्येकातून घोट-घोट घेतला. पहिली गव्हाची जर्मन धाटणीची बिअर. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास होता. मी विचारलं, किती केळी घालता? एकही नाही. तो सगळा वास यीस्ट तयार करतं. केळ्याचा सुगंध ज्या रसायनामुळे असतो, तेच यीस्टही बनवतं. शेवटचा पेला जवळजवळ काळा, भाजलेल्या माल्टचा, कॉफीसारखा कडू. तिसरी हॉप्सनं भरलेली. तिच्यासोबत आलेली झणझणीत कोंबडी खाल्ली आणि तोंडाची आग दुप्पट झाली. कडूपणा आणि अल्कोहोल तिखटाला भडकवतात. आमच्या वऱ्हाडी तर्रीसोबत असली बिअर घेणाऱ्याची मला काळजीच वाटेल. गव्हाच्या हलक्या बिअरसोबत मात्र कांदाभजी आणि वाफाळता बटाटेवडा छान जमले.

खरी थांबायला लावणारी होती ती दुसरी. फिकट, ढगाळ, दुधी झाक असलेली. पेला नाकाशी नेला आणि एकदम बागेत गेलो. ही बेल्जियमची गव्हाची बिअर. तिच्यात दोन गोष्टी घालतात: संत्र्याची साल आणि धने. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, म्हणजे धने हे सांभाराचं बी. एकाच पेल्यात मोर्शीच्या शिवारातल्या दोन वस्तू! या बिअरची कथाही ऐकण्यासारखी आहे. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात ती शतकानुशतकं बनत होती. पण १९५७ मध्ये तिथला शेवटचा कारखाना बंद पडला आणि प्रकार संपल्यात जमा झाला. त्या कारखान्याच्या शेजारी राहणारा, दूध घालणारा पियेर सेलिस लहानपणी तिथं हाताखाली राबला होता. त्याला ती कृती आठवत होती. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्यानं ती पुन्हा करायला घेतली आणि आज जगभर ती बनते. एका शेजाऱ्याच्या आठवणीवर एक अख्खा पदार्थ तगला.

या बेल्जियन बिअरमध्ये वापरतात ती कुरसावची कडू संत्री. आपलं नागपुरी संत्रं गोड, सैल सालीचं. नावात नागपूर असलं तरी या फळाचं मोठं आगर मोर्शी-वरूडचं. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सालीतला वास तिच्या बाहेरच्या रंगीत थरातल्या तेलाच्या बारीक पिशव्यांत असतो. तेल उडून जाणारं, म्हणून साल उकळीच्या शेवटच्या काही मिनिटांतच घालतात. आतला पांढरा पापुद्रा नको, तो नुसता कडवट.

कडूपणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. नागपुरी संत्र्याच्या रसाचे कारखाने चालवणं अवघड जातं, त्याचं एक कारण म्हणजे हा रस काढल्यावर काही वेळानं कडू होतो. ताजा असताना गोड, ठेवला की कडू. फळाच्या पापुद्र्यात आणि बियांत असलेल्या एका घटकातून रसात हळूहळू लिमोनिन तयार होतं, त्याचा हा परिणाम. रसाच्या बाटलीत हा दोष. पण ज्या पेयात कडूपणा मुद्दाम उकळून आणतात तिथं तो तेवढा मोठा गुन्हा ठरत नाही. लिमोनिनचा कडूपणा आणि हॉप्सचा कडूपणा एक नव्हे, आणि रस घालायचा तर तिला आधी छोट्या खेपेवर पाहावं लागेल, असं त्या मुलीनं स्पष्ट सांगितलं. सालीबद्दल मात्र तिला शंका नव्हती.

तेवढ्यात माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला, बागायतदाराच्या डोक्यात तो होतोच. आमच्याकडे आंबिया बहाराच्या वेळी बारीक फळाला चुरी म्हणतात आणि चुरीला भाव नसतो. ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळीनं झाडाखाली सडा पडतो. बांगलादेश आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक होतं. तिथला आयातकर २०१९ मध्ये किलोमागे २० टका होता, तो वाढत वाढत २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर गेला आणि वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात ट्रक थांबले. तेव्हा बिअर हा मार्ग आहे का? हजार लिटरच्या एका खेपेला वाळलेली साल लागते ती किलो-दीड किलोच्या आसपास. एका ट्रकभर चुरीच्या सालीत एखाद्या शहरातल्या सगळ्या टॅपरूमचं वर्ष निघेल. त्यामुळे मोर्शीचा प्रश्न बिअरनं सुटणार नाही, आणि कोणी तसं सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

धान्याची गोष्ट मात्र वेगळी, कारण ते किलोनं नाही, क्विंटलनं लागतं. हजार लिटरला साधारण दोन क्विंटल माल्ट. तिथं मला ज्वारी आठवली. वऱ्हाडातल्या माझ्या लहानपणी ज्वारीची ताटं डोक्यावरून जात, आता तिथं सोयाबीन आहे. नायजेरियात १९८८ मध्ये सरकारनं सातूच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या बिअर कारखान्यांना देशी ज्वारीकडे वळावं लागलं आणि ते वळले. दक्षिण आफ्रिकेत तर ज्वारीची आंबट, दाट बिअर ही घरोघरची जुनी परंपरा. अडचणी आहेत. ज्वारीचा स्टार्च सातूपेक्षा जास्त तापमानाला शिजतो, तिच्या माल्टमध्ये साखर करणारं एक एन्झाइम कमी असतं आणि मळल्यावर दाण्यावर साल राहत नाही. सातूची टरफलं टाकीत चाळणीचं काम करतात. ती नसतील तर गाळायला त्रास होतो. तरी या अडचणी यंत्रानं आणि युक्तीनं सुटणाऱ्या आहेत. इथं मात्र जगात प्रत्यक्ष घडलेलं उदाहरण समोर आहे. आमच्या कृषी विद्यापीठांनी आणि पुण्या-मुंबईच्या ब्रूअरांनी एकत्र बसावं, असं मला मनापासून वाटतं.

गाळून उरलेला ओला चोथा पाहिला तेव्हा दारातल्या वासाचं वर्तुळ पुरं झालं. साखर निघून गेलेली, पण प्रथिनं आणि तंतू शिल्लक. तो दुधाच्या जनावरांना घालतात, आमच्या ढेपेसारखाच. मात्र ओला चोथा उन्हाळ्यात दोन दिवसही टिकत नाही, म्हणून जवळच्या गोठ्यातच जातो.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. एक लिटर बिअरला मोठ्या कारखान्यात चार ते सात लिटर पाणी लागतं. छोट्या जागी धुण्यातच खूप जात असल्यानं आकडा वाढतो. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य उद्योगांचं पाणी ६० टक्क्यांपर्यंत तोडायला सांगितलं होतं. तेव्हा लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे, अमरावती शहर त्यावर पाणी पितं. तरीही आमच्या तालुक्यात बागा जगवायला विहिरी आणि बोअर खोल खोल जात गेले. अशा मुलखात पाणी पिणारा कुठलाही धंदा काढणाऱ्यानं आधी हा हिशेब मांडावा.

आणि दारू हा शब्द. आमच्या भागात तो हलक्यानं उच्चारता येत नाही. मोर्शीच्या पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो आणि तिथं दारूबंदी आहे. मोझरीला तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज, आमच्याच जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा. दोघांनीही आयुष्यभर व्यसनाविरुद्ध गावं जागवली. उभी बाटली की आडवी बाटली, या मतदानात बायांनी किती गावांत दुकानं बंद पाडली, ते मी पाहत आलो आहे, आणि त्या बायांच्या बाजूनं आहे. बिअर घेणाऱ्याला राज्यात २१ वर्षांची अट आहे, परवाना लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण नाही. टॅपरूममधला कमी अल्कोहोलचा, चव घेत संपवायचा पेला आणि गावठी दारूनं उद्ध्वस्त झालेलं घर या एकच गोष्टी नव्हेत. पण दोन्हींतला रेणू तोच आहे. आम्ही गेलो तेव्हा भाच्यानं गाडी घरी ठेवली होती.

मला तिथून उचलण्यासारखी वाटली ती काचेची भिंत. लोक सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर येतात, सातू चावून पाहतात, टाक्यांचा आवाज ऐकतात, कोणी समजावून सांगितलं तर शाळेतल्या पोरासारखे प्रश्न विचारतात, आणि त्या पाहण्याचेही पैसे देतात. नाशिकजवळ सुला वाइनरीनं २००५ मध्ये चव घेण्याची खोली उघडली आणि द्राक्षाचा मळा हेच एक प्रेक्षणीय ठिकाण झालं. आमच्याकडे वरूड-मोर्शीत संत्र्याला मेण लावून, आकारानं निवडून पेट्या भरणारी केंद्रं आहेत. बाहेरचा माणूस तिथं कधी डोकावत नाही, कोणी बोलावतही नाही. कलम बांधणारा हात, ताणावर उभी बाग, मृगाच्या पावसानंतरचं फुलोऱ्याचं रान, सालीतून तेल काढणारं यंत्र, ताज्या रसाचा नळ: हे सगळं एका दारामागे दाखवता येईल. त्यात अल्कोहोलचा थेंब नसला तरी चालेल. वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरून माणसं येऊ शकतील.

निघताना मी त्या मुलीला विचारलं, मोर्शीची संत्री पाठवली तर साल वापरून पाहाल का? ती हो म्हणाली आणि लगेच अटी सांगितल्या. मेण लावलेली नकोत, मेणाखालचा वास पाण्यात उतरत नाही. तोडणीआधीचे काही आठवडे फवारणी नको. मग थोडं थांबून म्हणाली, "काका, बारीक असली तरी चालतील. डाग असले तरी चालतील. आम्हाला फक्त साल हवी."

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आंबिया बहाराची पहिली तोडणी झाली त्या रात्री चुरीची एक पेटी अमरावतीहून पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये ठेवली. वर खडूनं लिहिलं: मेण नाही.